एक नंबर थंड

ला व्हेटा घाटाच्या तिसऱ्या वळणावर
ट्रक पहिल्यांदा ठेचकाळला.
मागे चाळीस गोणी बटाटे, शेजारी वडील.
पेडल दाबलं की इंजिन एक घास चुकवायचं,
आणि खालून बारीक किणकिण,
कुणी डब्यात खिळे हलवावेत तशी.
वडील काचेबाहेर बघत राहिले.
"सांगितलं होतं," एवढंसुद्धा म्हणाले नाहीत.
त्यांचं न म्हणणं मला चांगलंच ऐकू येतं.

सुपरचार्जर हा माझा हट्ट.
दोन हिवाळे शीतगृहात रात्रपाळी केली, त्या पैशांचा.
साडेसात हजार फुटांवर हवाच पातळ,
इंजिनाला श्वास पुरत नाही,
म्हणून तो कोंबून भरायचा. इतकं साधं गणित.
एलोय मेस्तासचं गणित वेगळं:
चालतंय त्याला हात लावू नये.

शनिवारी ते औषधं आणायला आलामोसाला निघाले,
तेव्हा म्हटलं, येताना प्लग आणा,
आहेत तेच, आठ.

रविवार. शेडबाहेर उणे अठरा.
हीटरला कुत्रा इतका चिकटलेला
की शेपटीचे केस करपल्याचा वास.
इंजिन रात्रभर निवलेलं.
गरम ॲल्युमिनियममधून प्लग ओढला तर आटेही सोबत येतात,
हे मी माझ्या खिशातून शिकलेय.
आधी खळग्यांत हवा मारली:
वाळू, अल्फाल्फाची काडी, वाळून कडक झालेली एक गांधीलमाशी.

नवा खोका उघडला.
आकडा चुकलेला. शेवटचा, एकानेच.
वडील उलट्या बादलीवर पिन्योन सोलत बसलेले.
चुकीचे आणलेत, हे शब्द ओठांवर आणून
मी पाना फिरवला.

पहिला बिस्किटाच्या रंगाचा. दुसराही.
तिसऱ्याचं टोक पांढरंफटक,
चुन्यात बुडवून काढल्यासारखं.
पाचव्याच्या चिनीमातीवर
चंदेरी ठिपके, मोहरीहून बारीक.
खिडकीपाशी नेऊन बघितले, पुन्हा बघितले.
पिस्टनचे कण होते ते.
आणखी दोन घाट, की आरपार भोक.
प्लगना ताप खाली सोडायला वेळच मिळत नव्हता,
ठिणगीची पाळी यायच्या आधीच
ते स्वतः निखारा होऊन बसत होते.

तापट इंजिनाला थंड प्लग लागतो.
एक नंबर थंड.
खोक्यावर नेमका तोच आकडा.

मी वर पाहिलं नाही.
पिन्योनचं टरफल फुटल्याचा आवाज,
मग थोड्या वेळाने आणखी एक.

फट चाळीसची होती, बत्तीसवर आणली.
दाब वाढला की लांब उडी मारणारी ठिणगी विझते,
मेणबत्तीवर फुंकर मारावी तशी.
बत्तीस म्हणजे बँकेच्या कार्डाची जाडी, जरा जास्त.
तार वाकवायची, पाती सरकवायची,
अडलीही पाहिजे आणि निघालीही पाहिजे.

सात बसले.
आठवा, तो पार मागचा, केबिनच्या पत्र्याला खेटून,
बोटांतून निसटला आणि फरशीवर पडला.
चीर दिसत नव्हती. पुसला, पुन्हा फट मोजू लागले.
"पडलेला लावू नये," बादलीवरून आवाज.
म्हटलं, दुकान बंद आहे आज.
त्यांनी कोटाच्या खिशातून नववा काढला.
फट आधीच बत्तीसची केलेली.

तो त्यांनीच बसवला.
रबरी नळीचा तुकडा प्लगच्या डोक्यात खोचून,
उजव्या हाताने, ज्याची दोन बोटं
पेंढ्या बांधायच्या यंत्राने केव्हाच नेलीत
आणि म्हणून जो त्या सांदीत मावतो.
आधी उलटं फिरवलं, टक् ऐकलं,
मग सुलटं.

किल्ली मारली. कुत्रा उठून बाहेर गेला.
आठही बोलत होते, एकाच आवाजात,
वर सुपरचार्जरची शीळ.
वडिलांनी पत्र्यावर तळवा ठेवून मान तिरकी केली,
आणि बराच वेळ तसेच.
"घाटापर्यंत जाऊन येऊ," म्हणाले,
आणि ड्रायव्हरच्या बाजूने चढले.

मी काही म्हटलं नाही.
त्यांना ऐकू गेलं असावं.
सीट मागे सरकवताना हसले.